दोन स्पर्धांच्या मधले दिवस : क्रीडांगणांच्या इतिहासाची प्रस्तावना

कुठल्याही मोठ्या क्रीडांगणाच्या दाराशी दोन कोनशिला हमखास असतात. एक भूमिपूजनाची, दुसरी उद्घाटनाची. नावे, हुद्दे, तारीख सगळे संगमरवरात कोरलेले. एखादी तिसरी पाटी असलीच तर ती नूतनीकरणाच्या लोकार्पणाची. या दगडांच्या मधली वर्षे कुठेच लिहिलेली नसतात. गॅलरीचे छत कोणत्या पावसाळ्यात गळू लागले, धावपट्टीचे दाणे कधीपासून सुटू लागले, गवताला पाणी कुठून आले, पहाटे पाचला फाटक कोण उघडत होते, याचा शोध घ्यायचा तर तो वेगळ्याच ठिकाणी घ्यावा लागतो. ज्या अभ्यासात तुमचे स्वागत करण्यासाठी मी हे लिहीत आहे, तो अभ्यास या न कोरलेल्या वर्षांचा आहे.

विषय तसा ऐकायला परका वाटतो. किल्ल्यांचा इतिहास असतो, देवळांचा असतो, वाड्यांचा असतो. स्टेडियमचा कसला इतिहास, असे मला अनेकदा विचारले गेले आहे. मी चिंचवडचा. आमच्या गावाला मोरया गोसावींची समाधी आहे, चापेकरांचा वाडा आहे, पवनेचा घाट आहे. इतिहास म्हटला की पाहुण्याला तिथे न्यायचे हे लहानपणीच ठरून गेलेले. पण 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात एमआयडीसीने जमिनी आखल्या, टेल्को आली, आकुर्डीला बजाज आली, आणि जी माणसे इथे पोटासाठी आली त्यांनी सुटीच्या दिवशी काय केले, हाही इतिहासच आहे. ती मैदानावर गेली. कंपनीच्या मैदानावर, गावच्या तालमीत, नदीकाठच्या मोकळ्या जागेत. 1970 साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून नवनगरपालिका झाली, 1982 साली महापालिका झाली. गावे शहर झाली तशी मैदाने क्रीडांगणे झाली आणि काही क्रीडांगणे संकुले झाली.

शब्दांपासूनच सुरुवात करू. ‘स्टेडियम’ हा मुळात लांबी मोजायचा ग्रीक शब्द. ऑलिम्पियाला जी धाव होई तिचे अंतर एक ‘स्टेडियन’, म्हणजे सुमारे 192 मीटर. अंतराचे नाव शर्यतीला लागले, शर्यतीचे जागेला. मराठीत उलटे झाले. आपल्याकडे आधी जागा होती. मैदान, आखाडा, हौदा, घाट. मावळ-खेड भागात बैलगाडा ज्या चढावर पळतो त्याला घाट म्हणतात. त्याची लांबी, चढ आणि मातीची ठेवण गावकऱ्यांना तोंडपाठ असते. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली शर्यतींवर बंदी आणली, डिसेंबर 2021 मध्ये सशर्त परवानगी दिली आणि मे 2023 मध्ये राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या सात वर्षांत अनेक घाट ओस पडले होते. बंदी उठताच ते पुन्हा बांधून काढले गेले. नूतनीकरण हा शब्द त्यांच्यासाठी कोणी वापरला नाही, तरी ते नूतनीकरणच होते, आणि ते आपल्या अभ्यासात येते.

आखाड्याचे उदाहरण तर याहून मोठे. कोल्हापूरचे खासबाग मैदान राजर्षी शाहू महाराजांनी उभारले आणि ते 1912 साली खुले झाले. रोममधले प्राचीन प्रेक्षागार पाहून महाराजांच्या मनात ही कल्पना आली असे सांगतात. पण खासबागेत उभे राहिल्यावर मला रोम आठवत नाही. जमीन खोल वाटीसारखी केलेली, मध्ये उंचावर तांबड्या मातीचा हौदा, भोवती चढत जाणारी बैठक. कुठेही बसा, मल्लाची पकड दिसते, मध्ये खांब नाही. त्या हौद्याच्या मातीत हळद, तेल, ताक, लिंबू घालून ती मळतात, भुसभुशीत ठेवतात. म्हणजे खेळाची भूमी रोज नवी करायची रीत आपल्याकडे आधीपासून आहे. खासबागेला दुरुस्तीसाठी कोणा मोठ्या स्पर्धेची वाट पाहावी लागत नाही, निदान हौद्यापुरती तरी. पुढे मी जे सांगणार आहे ते या एका गोष्टीच्या उजेडात वाचावे.

चिंचवडहून वाकड ओलांडून मुळेच्या पलीकडे गेले की म्हाळुंगे-बालेवाडी. तिथल्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलाला आम्ही सगळे नुसते ‘बालेवाडी’ म्हणतो. गावाचे नाव क्रीडांगणाला मिळाले आणि मग क्रीडांगणामुळे ते देशभर गेले. 1994 च्या जानेवारीत मुंबई आणि पुण्यात राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या, त्यासाठी हे संकुल उभे राहिले. वास्तुरचनाकार शशी प्रभू. मुंबईचे वानखेडे स्टेडियमही त्यांचेच. ते वर्षभराच्या आसपास उभे राहिले आणि 1975 च्या जानेवारीत तिथे पहिली कसोटी खेळली गेली. अवघ्या काही महिन्यांच्या हिशेबात प्रचंड काँक्रीट उभे करायचे, ही महाराष्ट्राची क्रीडा-बांधकामाची एक परंपराच म्हणावी लागेल. तारीख आधी ठरते, इमारत मागून धावते.

बालेवाडी ही क्रिकेटची जागा नाही, हे तिचे मोठे वेगळेपण. मुख्य मैदानात धावपट्टी आणि आत फुटबॉलचे गवत. शेजारी जलतरण तलाव, नेमबाजीची रेंज, टेनिसची कोर्टे, बॅडमिंटनचे सभागृह, कुस्ती, मुष्टियुद्ध आणि भारोत्तोलनाच्या जागा. ज्या राज्यात मैदान म्हटले की स्टंप डोळ्यांपुढे येतात, तिथे एवढी जमीन इतर खेळांना मिळाली, ही मला आजही मोठी गोष्ट वाटते.

1994 नंतर काय झाले? दाराशी काही लिहिलेले नाही. पुढची मोठी तारीख थेट 12 ऑक्टोबर 2008. त्या दिवशी तिसरी राष्ट्रकुल युवा स्पर्धा पुण्यात सुरू झाली. आधीच्या दोन एडिनबरो आणि बेंडिगोला झाल्या होत्या. नऊ खेळ, सात दिवस. जुन्या इमारतींची मोठी दुरुस्ती झाली, नवे बांधकाम झाले, रस्ते झाले. बॅडमिंटनमध्ये सायना नेहवालने सुवर्णपदक घेतले. ग्रेनाडा या चिमुकल्या बेटाचा किरानी जेम्स हा सोळा वर्षांचा मुलगा 400 मीटर जिंकला. चार वर्षांनी तोच मुलगा लंडनमध्ये याच अंतराचा ऑलिम्पिक विजेता झाला. बालेवाडीच्या धावपट्टीवरून तो गेला, हे आमच्या भागातल्या किती शाळकरी मुलांना माहीत आहे, मला शंका आहे.

या धावपट्टीपाशी जरा थांबू. नूतनीकरण म्हणजे रंगरंगोटी अशी समजूत असते. ती समजूत मोडायला एक कागद आणि पेन्सिल पुरते.

प्रमाण धावपट्टीचे सरळ भाग दोन, प्रत्येकी 84.39 मीटर. वळणे दोन, अर्धवर्तुळाकार, आतल्या कडेची त्रिज्या 36.50 मीटर. आता 400 मीटर मोजायचे कुठे? कडेवर नाही, कारण कडेला पाय घासत कोणी धावत नाही. कडेपासून 30 सेंटिमीटर बाहेर एक न आखलेली रेषा मानायची. तिची त्रिज्या 36.80. दोन्ही सरळ भाग मिळून 168.78 मीटर, दोन्ही वळणे मिळून 231.22 मीटर. बेरीज नेमकी 400. एकेक पट्टी 1.22 मीटर रुंद, आणि दुसऱ्या पट्टीपासून पुढे ही मानलेली रेषा 20 सेंटिमीटरवर. आता समजा, दुरुस्तीत वळणावरची कडा सगळीकडे एक सेंटिमीटर आत सरकली. फेरी सहा सेंटिमीटरहून जास्त आखूड होते. दहा हजार मीटरच्या शर्यतीत पंचवीस फेऱ्या, म्हणजे दीड मीटरहून अधिक अंतर कोणीच न धावता गायब. तो विक्रम धरायचा का? म्हणून थर बदलला की पुन्हा मोजणी करावी लागते आणि मोजणीचा दाखला घ्यावा लागतो. असे दाखले जपून ठेवले तर क्रीडांगणाची ती जन्मपत्रिका ठरते. तुम्ही अभ्यासाला लागलात की पहिल्यांदा ते मागा.

थराचेही तसेच. 1968 च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा सिंथेटिक धावपट्टी आली. त्याआधी मातीवर, राखेवर धावत. आजची पट्टी म्हणजे पॉलियुरेथेन आणि रबराचे दाणे यांचा साधारण बारा-तेरा मिलिमीटरचा थर, खाली डांबराची किंवा काँक्रीटची बैठक. पायाचा आघात या थराने किती शोषावा याला आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे, 35 ते 50 टक्के. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात रबर कडक होत जाते, दाणे सुटू लागतात. हात फिरवला की तळव्याला तांबडी भुकटी लागते. सुरुवातीच्या रेषेजवळ आणि पहिल्या पट्टीत झीज सगळ्यात जास्त, कारण सरावाला येणारा प्रत्येक जण तिथेच धावतो. कडक झालेल्या पट्टीवर रोज धावणाऱ्या मुलाच्या नडगीला दुखणे लागते. ते दुखणे कुठल्याही निविदेत लिहिलेले नसते. माझ्या मते नूतनीकरणाचा इतिहास लिहिताना नडगीपासून सुरुवात करायला हवी.

2008 नंतर बालेवाडीची पुढची मोठी तारीख 3 जुलै 2013. विसावी आशियाई अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा. ती व्हायची होती चेन्नईत. श्रीलंकेच्या खेळाडूंना येऊ देणार नाही अशी भूमिका तिथल्या सरकारने घेतली आणि स्पर्धा पुण्याला आली. भर पावसाळ्यात. विकास गौडाने थाळीफेकीत सुवर्ण मिळवले, महिलांनी 4 बाय 400 रिले जिंकली. पाच वर्षांनी, 2018 च्या जानेवारीत, चेन्नईची एटीपी टेनिस स्पर्धा ‘महाराष्ट्र ओपन’ होऊन बालेवाडीच्या कोर्टांवर आली आणि 2023 पर्यंत राहिली. 2021 ला तेवढा खंड पडला. 2019 च्या जानेवारीत खेलो इंडिया युवा स्पर्धा झाल्या. 2022 च्या आरंभी आशियाई महिला फुटबॉल स्पर्धा आली. तिचे जे सामने आधी अहमदाबाद आणि भुवनेश्वरला व्हायचे होते, ते मग मुंबई आणि पुण्याला आले.

या तारखा एका ओळीत मांडल्या तेव्हा मला जे दिसले ते तुम्हालाही दिसेल. पुण्याच्या या पश्चिम सीमेवरची क्रीडांगणे दुसऱ्या गावाहून निघालेल्या पाहुण्यांना ऐनवेळी घर देत आली आहेत. हा कमीपणा नाही. ऐनवेळी घर देता येते याचा अर्थ घर उभे आहे. पण घर कधी सारवले जाते? पाहुणा येणार असे कळले की. लग्नघराला जसा चुना लागतो तसा. पाहुणा गेला की मांडव उतरतो आणि पुढच्या मुहूर्तापर्यंत रोजच्या राहत्या माणसांनी आहे त्यात भागवायचे. 1994 ते 2008 ही चौदा वर्षे होती. त्या चौदा वर्षांत तिथे सराव करणाऱ्या मुलांची एक अख्खी पिढी खेळून निवृत्त झाली. त्यांचे बालेवाडी कसे होते? त्यांच्याकडून ऐकून ते लिहून ठेवणे, हे या अभ्यासातले मला सर्वात तातडीचे काम वाटते.

पाहुणा गेल्यावर क्रीडांगणाचे काय, हा प्रश्न जगात सगळीकडे आहे. 1976 च्या ऑलिम्पिकसाठी माँट्रियलने जे स्टेडियम बांधले त्याचे कर्ज फिटायला तीस वर्षे लागली. 1896 साली अथेन्सने प्राचीन स्टेडियम संगमरवरात पुन्हा उभे केले, पण मूळचा लांबट आकार तसाच ठेवला. वळणे इतकी अरुंद होती की धावपटूंना वळणावर वेग कमी करावा लागे. जुने रूप राखायचे की आजच्या पायांना सोयीचे करायचे, हा वाद तेव्हापासून चालू आहे. वानखेडेने 2011 च्या विश्वचषकापूर्वी वेगळा निर्णय घेतला. आसने कमी केली, सुमारे 33 हजारांवर आणली, बसायला ऐसपैस जागा आणि वर छत दिले. नूतनीकरणात क्रीडांगण लहानही होऊ शकते, ही गोष्ट तेव्हा अनेकांच्या पचनी पडली नव्हती.

‘बहुउद्देशीय’ या शब्दाबद्दल थोडे. सरकारी कागदात तो सहज लिहिला जातो, जमिनीवर तो फार महाग पडतो. धावपट्टीच्या आतल्या गवतावर फुटबॉल खेळायचा आणि त्याच गवतावर हातोडा आणि भाला पडायचा. सात किलोहून जड गोळा सत्तर मीटरवरून येऊन गवतात रुततो तेव्हा तिथे खळगा होतो, आणि त्या खळग्यात दुसऱ्या दिवशी बचावपटूचा घोटा मुरगळतो. पट्टीमुळे फुटबॉलचा प्रेक्षक चेंडूपासून लांब बसतो. फुटबॉलच्या आयएसएल स्पर्धेत एफसी पुणे सिटी हा संघ बालेवाडीला घरचे सामने खेळत असे. प्रेक्षकांचा आवाज मैदानात पोचेपर्यंत आठ-नऊ पट्ट्या ओलांडतो. म्हणून युरोपात अनेक शहरांनी पट्ट्या काढून नुसती फुटबॉलची स्टेडियमे केली. आपल्याला ते परवडणारे नाही आणि मला ते योग्यही वाटत नाही. इथे धावपट्टी काढली तर धावणाऱ्या मुलीला जायला दुसरी जागा नाही. बहुउद्देशीय असणे ही आपली गरज आहे, मात्र ती निभवायची तर वेळापत्रक आणि माळी दोन्ही पक्के हवेत.

शहराच्या आत आलो की बहुउद्देशीय शब्दाचा आणखी एक अर्थ कळतो. पिंपरीचे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचे, म्हणजे एचए मैदान घ्या. 2016 च्या जानेवारीत 89 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथे भरले. ज्या जमिनीवर कंपनीची पोरे क्रिकेट खेळली तिथे ग्रंथदालने उभी राहिली. नेहरूनगरचे अण्णासाहेब मगर स्टेडियम तर याहून पुढे गेले. मगर हे नवनगरपालिकेचे पहिले अध्यक्ष, आणि त्यांचे नाव मिळालेल्या या मैदानावर 2020 च्या पावसाळ्यात सुमारे आठशे खाटांचे जम्बो कोविड रुग्णालय उभारले गेले. वरळीच्या एनएससीआय डोममध्ये, ब्राझीलमधल्या माराकानाच्या आवारात, त्याच वर्षी हेच झाले. शहरात मोकळी, सपाट, रस्त्याला लागून असलेली, पाणी-वीज जवळ असलेली जमीन कुठे शिल्लक आहे, याचे उत्तर त्या वर्षी सगळ्या जगाला क्रीडांगणांनी दिले. आमच्या भागातल्या कित्येकांसाठी मगर स्टेडियम हे नाव आता खेळाशी जोडलेले नाही. तिथे कोणाचा तरी श्वास परत आला, कोणाचा आला नाही. नेहरूनगरच्या क्रीडांगणाचा इतिहास लिहिणाऱ्याने त्या खाटांसाठी एक प्रकरण ठेवावे.

त्याच नेहरूनगरात मेजर ध्यानचंद हॉकी स्टेडियम आहे. आम्ही त्याला ‘पॉलिग्रास’ म्हणतो, क्रीडांगणाला त्याच्या जमिनीच्या जातीवरून मिळालेले नाव. डिसेंबर 2021 मध्ये वरिष्ठ पुरुषांची राष्ट्रीय हॉकी स्पर्धा तिथे झाली. भोसरीच्या इंद्रायणीनगरात धावपट्टी आहे. थेरगावला महापालिकेच्या मैदानावर दिलीप वेंगसरकर यांची अकादमी आहे, जिथे जुन्या सांगवीचा ऋतुराज गायकवाड घडला. ही सगळी स्वतंत्र अभ्यासाची ठिकाणे आहेत, इथे नुसती नोंद करतो.

गहुंजेबद्दल मात्र सांगितलेच पाहिजे, कारण तिथे आपला विषय नदीला जाऊन मिळतो. द्रुतगती मार्गालगतचे महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचे स्टेडियम 2012 साली सुरू झाले. आराखडा लंडनच्या हॉपकिन्स यांचा, ज्यांनी लॉर्ड्सचा माउंड स्टँड केला होता. 2018 च्या एप्रिलमध्ये कावेरीच्या पाण्यावरून तमिळनाडूत आंदोलन पेटले आणि चेन्नई सुपर किंग्जचे घरचे सामने गहुंजेला आले. पुन्हा चेन्नईचाच पाहुणा. आणि त्याच आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयाने या स्टेडियमसाठी पवनेचे पाणी वापरण्यास मनाई केली, कारण ते पाणी औद्योगिक वापराच्या करारातले होते. एका नदीच्या वादातून उठलेला खेळ दुसऱ्या नदीच्या वादात येऊन बसला. पवना ही मोरया गोसावींच्या समाधीच्या पायथ्याशी वाहणारी नदी. तिचे पाणी बंद जलवाहिनीने पिंपरी-चिंचवडला आणण्याच्या विरोधात 9 ऑगस्ट 2011 रोजी मावळात आंदोलन झाले आणि पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. हिरव्यागार मैदानाचे छायाचित्र पाहताना ते हिरवे कोणाच्या वाटणीच्या पाण्याने झाले, हा प्रश्न या अभ्यासात पहिल्या दिवसापासून विचारायचा असतो. तो विचारला म्हणून आपण खेळाचे शत्रू होत नाही. मी स्वतः त्या गॅलरीत बसून घसा बसेपर्यंत ओरडलो आहे.

आता अभ्यास करायचा कसा, हे थोडक्यात. वर्तमानपत्रांची कात्रणे उद्घाटनापुरती उपयोगी पडतात. खरा माल महापालिकेच्या आणि सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कपाटात असतो. महासभेचे आणि स्थायी समितीचे ठराव, अर्थसंकल्पातले देखभाल-दुरुस्तीचे लेखाशीर्ष, अंदाजपत्रक, निविदा सूचना, आणि सगळ्यात मोलाची मोजमाप पुस्तिका, जिला ठेकेदार आणि अभियंते ‘एमबी’ म्हणतात. एमबीत कोणत्या तारखेला किती चौरस मीटर गिलावा झाला, किती लोखंड बदलले, हे हाताने लिहिलेले असते. लेखाशीर्षात ‘नवीन काम’ आणि ‘देखभाल’ यांच्या रकमा शेजारी शेजारी ठेवून दहा वर्षांचा तक्ता केला, तर एखाद्या शहराचे क्रीडांगणावर प्रेम आहे की उद्घाटनावर, ते कळते. माहिती अधिकारात हे कागद मिळतात. वेळ लागतो, चिकाटी ठेवा.

कागदाइतकेच डोळ्यांनी वाचायला शिका. शहरातल्या एका जुन्या गॅलरीची पायरी मी बरीच वर्षे पाहतो आहे. सुरुवातीला पायरीच्या कडेला केसाएवढी चीर होती. मग चिरेच्या कडेने तांबूस ओघळ आला. नंतर हाताच्या पंजाएवढा पोपडा सुटला आणि आत गंजलेली सळई दिसली. काँक्रीटमध्ये हवा आणि ओल शिरली की सळईचे संरक्षण जाते, ती गंजते, गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि आतून काँक्रीट फोडतो. चीर दिसली तेव्हाच भरली असती तर काम एका दिवसाचे होते. पोपडा पडल्यावर ते महिन्याचे होते. आणि एकदा स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये ‘धोकादायक’ हा शब्द आला की पाडायचे की वाचवायचे हा वाद सुरू होतो. या वादात माझे मत वाचवण्याच्या बाजूचे आहे, जोवर माणसाच्या जिवाला धोका नाही तोवर. पाडून नवे बांधण्यात जी वर्षे जातात, तेवढ्या वर्षांत मुले मोठी होऊन जातात.

तिसरा मार्ग माणसांचा. मैदान आखणारा माणूस शोधा. एका सकाळी खो-खोचे मैदान आखले जाताना मी शेजारी बसून पाहिले. खुंटी, सुतळी, टेप आणि पाटीभर फक्की. काटकोन साधायला त्याने सुतळीला तीन, चार आणि पाच मीटरच्या अंतरांनी गाठी मारल्या होत्या. शाळेत हे प्रमेय शिकलात का, असे विचारले तर म्हणाला, वस्तादांनी दाखवले होते. फक्की मुठीतून सोडताना त्याचा हात जमिनीपासून वीतभर उंच होता आणि वाऱ्याकडे पाठ. रेषा अशी पडली की जणू पट्टीने ओढली. आता यंत्राने आखतात, छापील टेप लावतात, कायमच्या रंगीत रेषा मारतात. त्या हाताची विद्या कोणी लिहून ठेवलेली नाही.

या अभ्यासाला फार मोठ्या पदव्या लागत नाहीत. अभियांत्रिकीची मुले मोजणी करू शकतील, इतिहासाची कागद वाचतील, शारीरिक शिक्षणाचे शिक्षक नडगीची आणि घोट्याची भाषा सांगतील. गृहिणी, निवृत्त कामगार, सकाळी फिरायला येणारी मंडळी यांना मैदानाचे रोजचे रूप आपल्या सगळ्यांहून जास्त माहीत आहे. तुम्ही यापैकी कोणीही असा, या.

आणि एक विनंती. ज्यांच्या घरी 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धेतला स्वयंसेवकाचा बिल्ला, 2008 चे प्रवेशपत्र, कंपनीच्या संघाचा मैदानावरचा फोटो किंवा तालमीची जुनी पावती असेल, त्यांनी ती रद्दीत घालू नये. मागे पेन्सिलीने साल, ठिकाण आणि दिसणाऱ्या माणसांची नावे लिहावीत. पेनाची शाई पुढच्या बाजूला उमटते.